पिरॅमिडकडून आलेली हाक

आधीच सांगते... मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्टवर दिसतं तेवढंच खरं, असं मानणारी बाई. गावच्या भुताखेतांच्या गोष्टींना लहानपणापासून हसत आलेय. तरीही हे लिहितेय, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

बोरिवलीत एक बाग आहे. आत वेगवेगळ्या देशांचे कोपरे केलेत — जपानचा लाल लाकडी पूल, इजिप्तचा माणसाएवढा पिरॅमिड, मोगल कारंजी वगैरे. मागच्या थंडीत मी आईला मुलुंडहून तिथे घेऊन गेले. आई मालवणकडची, पंचाहत्तरी उलटलेली. कानाला मशीन नसेल तर शेजारी फटाका फुटला तरी तिला पत्ता नसतो. त्या दिवशी कारंज्याचा आवाज मशीनमध्ये खरखरायला लागला, म्हणून वैतागून तिने दोन्ही मशीन्स काढून माझ्या पर्समध्ये टाकली.

कामाचा वार होता, दुपारची वेळ. गर्दी नव्हती, वारा तर अजिबात नव्हता. जपानच्या कोपऱ्यात एका मोठ्या झाडाखाली बाक होता. आईला तिथे बसवलं आणि फोटो काढायला मी पुलावर गेले. मोबाईल धरला... आणि आईने झटकन मागे मान वळवली. काहीतरी पुटपुटली आणि उठलीच. गुडघ्यांमुळे एरवी माझा हात धरल्याशिवाय न उठणारी आई तरातरा इजिप्तकडे चालायला लागली. हाक मारून उपयोग नव्हता, म्हणून मी चिडून तिच्या मागे निघाले.

पूल उतरते न उतरते तोच कडाडकन आवाज झाला. झाडाची मोठी फांदी थेट बाकावर. बाक मधोमध मोडला.

आईला तेही कळलं नव्हतं. ती पिरॅमिडभोवती फिरून कुणाला तरी शोधत होती. तिथे चिटपाखरू नव्हतं. कशीबशी तिच्या कानात मशीन बसवली आणि विचारलं, का उठलीस गं?

"बाबान हाक मारल्यान," ती म्हणाली. "गो चेडवा, हडे ये, म्हणान. मी म्हटलंय, येतंय."

तिचे वडील ती शाळेत असतानाच वारले. तिला 'चेडवा', म्हणजे 'पोरी', म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही.

नंतर तिचे कान पुन्हा तपासून घेतले. रिपोर्ट होता तसाच. फांदी तडकताना बाकाला हादरा बसला असेल, तो तिला जाणवला असेल, असं माझा भाऊ म्हणतो. असेलही... पण मग ती वर न बघता मागे का बघत होती? आजोबांचा घरात साधा फोटोही नाही. तरी रोज संध्याकाळी दिवा लावताना मी त्यांना मनापासून नमस्कार करते. माझी आई मला परत मिळाली, बस्स.

शेजारच्या काकू ऐकून घाबरल्या. म्हणाल्या, अशा हाकेला ओ द्यायची नसते, गेलेली माणसं घेऊन जातात. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती वाल सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली,

"बापाशीन हाक मारल्यान तर ओ देऊक नको?"