भाऊजींचा चिमटा

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, फार मोठे शास्त्रज्ञ आहेत. असं ताई म्हणते. मी त्यांच्याच प्रयोगशाळेत चुंबकत्व मोजायच्या यंत्रावर बसते, त्यामुळे माझं मत वेगळं आहे.

काम तसं देखणं. हवा काढून घेतलेल्या भांड्यात ऑक्साइडची गोळी ठेवायची, तिच्यावर लेझर मारायचा. उडालेली वाफ समोरच्या तापलेल्या स्फटिकावर जाऊन बसते. स्फटिक नखाएवढा, थर तर डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ. हे सगळं त्यांची विद्यार्थिनी करायची. भाऊजी काय करायचे? थर तयार झाला की ऐटीत यायचे, खिशातून पोलादी चिमटा काढायचे आणि तुकडा उचलून माझ्या हातात द्यायचे. प्लास्टिकचे चिमटे समोरच पडलेले. "ती खेळणी तुम्हाला," म्हणायचे. परदेशातून आणलेला चिमटा, मिरवायला नको?

आणि एरवी चुंबक नसणाऱ्या त्या ऑक्साइडचा थर चुंबक निघाला! भाऊजींनी गावभर केलं. भाषणं काय, सत्कार काय. ताईचे पाय जमिनीवर ठरेनात.

थर चढवणाऱ्या त्या विद्यार्थिनी पोरीला मात्र शंका. एक दिवस तिने थर न चढवलेला कोरा स्फटिक भाऊजींच्या चिमट्याने धरला आणि माझ्याकडे आणला. तोही चुंबक! प्लास्टिकच्या चिमट्याने धरलेला थराचा तुकडा मात्र ढिम्म. पोलादाचे कण कडेला चिकटत होते, बस. अगं बाई, इतके दिवस आम्ही चिमटाच मोजत होतो!

ती बिचारी भाऊजींकडे गेली. ते म्हणाले, "तोंडी परीक्षेत हे बोललीस तर पदवी विसर."

ती बोलली. भर परीक्षेत, सगळ्यांसमोर बोलली.

"मग चूक कुणाची?" परीक्षकांनी विचारलं.

भाऊजी ताडकन उठले. "हिचीच! शंभरदा बजावलं होतं, पोलादी चिमटा लावू नकोस म्हणून."

काय हा निर्लज्जपणा! पोरगी पांढरीफटक पडली. एवढ्या वर्षांच्या कष्टांवर हा माणूस उभ्याउभ्या पाणी ओतत होता. माझं डोकं सणकलं. परीक्षा ऐकायला मीही बसले होते; मागच्या खुर्चीवरून मी उठले आणि म्हणाले, "चिमटा त्यांच्या खिशात आहे. आत्तासुद्धा. बघा काढून."

परीक्षकांनी नुसता हात पुढे केला. भाऊजींना तो काढून द्यावा लागला. पोरीला पदवी मिळाली.

बाहेर त्यांनी मला गाठलं. "घरातलीच माणसं अशी उलटल्यावर काय बोलायचं! नात्याची तरी चाड ठेवायचीस."

"माझं नातं ताईशी आहे," मी म्हटलं. "आजच जाऊन तिला सगळं सांगते."

तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उतरला. पोरीचं वाटोळं करताना उतरला नव्हता.