दोन्ही बाह्या डाव्या

मशीनचा आवाज थांबला की उदगीरच्या सिद्रामप्पा टेलरांना घर खायला उठायचं. बायको गौरम्मा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मल्लेश आणि सून नोकरीपायी हैदराबादेत. त्यांची पोर अंबिका मात्र अज्जाकडेच, म्हणजे या आजोबांकडेच वाढली, कापायच्या टेबलाखाली बसून चिंध्या गोळा करत. नववीला गेली तशी तिलाही लातूरला क्लासला धाडली. हुशार ना पोर! आमच्याकडं लेकरू हुशार निघालं की त्याला घरात राहूच देत नाहीत, काय म्हणावं याला!

हॉस्टेलवरून तिचा फोन रविवारी दुपारी. "जेवलीस का गं?" "हाव." "काय होतं?" "वरण-भात." झालं, संपलं. जिच्या तोंडाची टकळी दिवसभर थांबत नव्हती, ती पोर हाव-न्हाईवर आलेली. सिद्रामप्पांना याचं लई वाईट वाटायचं. फोन ठेवला की ते उगाच कात्रीला तेल देत बसायचे.

एका रविवारी मात्र ती वैतागून म्हणाली, "अज्जा, तो आलेख लई डोकं खाऊन राहिलाय. त्रिकोण सरकवा, उलटा करा, फिरवा. सगळं चुकूनच राहिलंय माझं."

"म्हंजे कसं गं?" त्यांनी सहज विचारलं, आणि पोर जी सुटली! आडवा अक्ष, उभा अक्ष, मधला आरंभबिंदू. वॉर्डनबाई ओरडेपर्यंत बोलत होती. सिद्रामप्पांना त्यातलं ओ का ठो कळलं नाही, पण त्या रात्री दोन घास जास्त गेले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी आलेखाचे कागद आणि नववीच्या गणिताचं पुस्तक आणलं. सकाळी लिंगपूजा उरकून विभूती लावली की गिऱ्हाईक येईपर्यंत त्रिकोण. पुढच्या रविवारी पोरीशी याच्यावर बोलायचं, एवढंच मनात. सरकवणं लगेच जमलं. तिन्ही टोकं सारखीच उचलायची, सारखीच पुढं ठेवायची. परावर्तनात त्रिकोण अक्षाच्या पलीकडं आरशातल्यासारखा उलटतो, तेही हळूहळू बसलं. फिरवण्यानं मात्र घाम फोडला. तीन टोकं तीन दिशांना पळायची. "थांब की लेका एका जागी!" ते त्रिकोणावरच खेकसायचे.

समोरचा किराणावाला पंचाक्षरी चिडवायचा, "अप्पा, या वयात कोणती परीक्षा देऊन राहिलात?"

"तू गूळ विक गपगुमान!"

शनिवारी सकाळी मल्लेशचा मेसेज आला. आलेखाच्या चाचणीत अंबिकेला पैकीच्या पैकी. सिद्रामप्पांना आनंद झाला, का होणार नाही! पण मागोमाग मनात आलं, तिचा धडा तर संपला. आता उद्या बोलायचं काय? पुन्हा वरण-भात?

त्याच तंद्रीत त्यांनी सरकारी दवाखान्यातल्या पंचशीला सिस्टरांचा ब्लाऊज कापायला घेतला, भाचीच्या लग्नात घालायचा होता त्यांना. एरवी कापड दुहेरी घालून दोन्ही बाह्या एकदम कापतात, म्हणजे डावी-उजवी आपोआप होते. हा जरीचा पीस अपुरा, त्यामुळं एकेक बाही कापणं आलं. पहिली झाली की कागदाचा खाका पालथा करून ठेवायचा असतो. सिद्रामप्पांनी तो नुसता पुढं सरकवला. जोडायला बसले तेव्हा उजेड पडला. दोन्ही बाह्या डाव्या! उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी फोन आला.

"जेवलीस का गं?"

"हाव."

"मार्क कळले. शाब्बास."

"हाव, अज्जा."

पुन्हा वरण-भातावर येण्याआधी त्यांनी बाह्यांचं सांगून टाकलं. तिकडं पोर खो-खो हसली. "दोन्ही डाव्या? मग सिस्टरबाईंनी उजवा हात घरी ठेवायचा का?"

"हस, हस. तुझ्या त्या आलेखाचंच खूळ डोक्यात. खाक्याचं परावर्तन करायचं, तर सरकवला मी."

हसू एकदम थांबलं. "अज्जा, तुमी आलेख शिकून राहिलात?"

"ते आपलं... रिकामा वेळ होता."

मग ती हळूच म्हणाली, "अज्जा, ते परावर्तन मला अजून नीट कळलं न्हाई बघा. तुमी सांगा की."

पैकीच्या पैकी घेतलेली पोर! पण तिचं सोंग ओळखलंय असं सिद्रामप्पांनी दाखवलं नाही. खाकरले आणि म्हणाले, "हे बघ, उभा अक्ष म्हंजे कापडाची घडी समज." ती मधेच खुळ्यासारखं काहीतरी विचारायची, ते चिडून पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. शेवटी वॉर्डनबाईंची हाक आली.

"पुढच्या रविवारी फिरवणं सांगा, अज्जा," ती घाईनं म्हणाली. "ते तर मला अजिबातच येत न्हाई."

फोन बंद झाला आणि घर पुन्हा चिडीचूप. टेबलावर जरीच्या दोन डाव्या बाह्या पडल्या होत्या. सिस्टरांना पीस भरून द्यावा लागणार होता. ते उद्या बघता येईल. फिरवणं सिद्रामप्पांना तरी कुठं येत होतं! त्यांनी बाह्या बाजूला सारल्या, आलेखाचा कोरा कागद ओढला आणि त्रिकोण काढला. पुढचा रविवार यायला अजून अख्खा आठवडा होता.