एका हाताचं वल्हं

लाकडाच्या डेपोत सागाचा ओंडका घरंगळला आणि पत्रू मडावीचा उजवा हात गेला. भरपाईच्या चौकशीत डेपोचा बाबू साहेबाला छातीठोक म्हणाला, "डावा शाबूत आहे. एका हातानं सगळी कामं होतात." भरपाई बुडाली.

पत्रू वैनगंगेवर डोंगा चालवू लागला. वल्ह्याचा दांडा बगलेत दाबायचा, डाव्या हातानं ओढायचा. ते जमेस्तोवर बगलेची सालटी निघाली.

सत्तावन्न साली बाबू रिटायर झाला. पेन्शनीच्या कामासाठी चांद्याला निघालेला हा मेला त्याच डोंग्यात येऊन बसला. पत्रूला त्यानं ओळखलंही नाही. मी पत्रूच्या गावचा, बाबूच्या शेजारीच बसलो होतो.

मधल्या धारेत पत्रूनं वल्हं त्याच्या हाती दिलं. "बाबूसाहेब, एक हात पाठीमागं ठेवा अन् डोंगा पार न्या. दुसरा हात लावला, तर उलटवतो. मले पोहता येते."

डोंगा जागच्या जागी गरगरू लागला. मी मदतीला हललो नाही. बुडालो असतो तरी हललो नसतो.

"पत्रू, एका हातानं नाही जमत रे!" बाबूला आता नाव आठवलं.

"हेच तवा साहेबाले सांगाचं होतं," पत्रू म्हणाला. "आता जोरानं बोला. काठावर आयकू नाई गेलं."