उजव्या खिडकीतला हात

लातुरात 'डिझेल इंजिन' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे विहीर येते. मी डिझेल इंजिन मागवलंय, ही बातमी आमच्या ह्यांनी आडत बाजारात सांगितली, तर पहिला प्रश्न आला, "किती एचपीचं?" आणि दुसरा, "पण तुमच्याकडं पाणी कुटं हाय?" ह्यांनी दोन्ही प्रश्न घरी आणून माझ्यापुढे ठेवले आणि मनसोक्त हसले. हे उदगीरचे, तुरीचे व्यापारी. पन्नाशीकडे झुकलेली, शाळेत गणित शिकवणारी बायको खेळण्यातल्या इंजिनाची वाट बघते, याचं त्यांना काही केल्या नवल सरत नव्हतं.

खेळणं म्हटलं की माझं डोकं फिरतं. ते मॉडेल होतं. खऱ्या इंजिनाचं माप बरोबर सत्त्याऐंशी पटींनी लहान करून बनवलेलं, आणि तेही मीटरगेजचं, म्हणजे अरुंद रुळांवरच्या गाडीचं. मॉडेल बनवणारे आजवर मोठ्या लाईनची, मोठ्या शहरांतली इंजिनं काढत आले. मुदखेडहून किनवटमार्गे आदिलाबादला जाणाऱ्या आमच्या लहान गाडीचं इंजिन कुणाला आठवणार? ते निघणार असं वाचलं, त्याच दिवशी मी नाव नोंदवून टाकलं. कारण ते इंजिन माझे वडील चालवायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो.

नाव नोंदवल्यावर सुरू झाली ती निव्वळ थट्टा. दर महिन्याला 'पुढच्या महिन्यात.' एकदा न राहवून फोन केला, तर पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, रंगाचं काम चालू आहे." मी म्हटलं, "आमचं अख्खं घर चार दिवसांत रंगवून होतं, बाबा. तुमचं तर वीतभर आहे." तो हसला. मला मुळीच हसू आलं नाही. अण्णा ऐंशीच्या पुढे गेलेत, नांदेडला दादाकडे असतात, आणि ते इंजिन त्यांच्या हातात द्यायची मला घाई होती.

आता इस्लापूरचं सांगायला हवं. अण्णांची ड्यूटी अशी, की घरी असले तर असले. आई, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा दादा आणि मी इस्लापूरजवळ आमच्या शेतात राहायचो. शेत रुळाला लागून, किनवटकडे जाताना उजव्या हाताला. अण्णांची पाळी असली की आम्ही दोघं बांधावर जाऊन उभे राहायचो. आधी इंजिनाचं लांब नाक यायचं, मग मागची कॅब, ड्रायव्हरची खोली. दोनदा हॉर्न वाजायचा, उजव्या खिडकीतून निळ्या बाहीचा एक हात बाहेर यायचा आणि हलायचा. डबे निघून जाईपर्यंत आम्ही उड्या मारत असायचो. परतीची गाडी यायची तेव्हा आम्ही झोपलेले असायचो. म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा वडील भेटायचे ते एवढेच, कोपरापर्यंत.

तो हात कुणाला, यावर दादाचं आणि माझं भांडण. तो म्हणायचा, मोठा म्हणून मला. मी म्हणायचे, लाडकी म्हणून मला. हे भांडण आम्ही लग्नकार्यांत, दिवाळीत, आईच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर बसूनसुद्धा भांडलो आहोत. आई गेल्यावरही ते थांबलं नाही. खरं सांगायचं तर तेवढ्या एका भांडणावर आमचं बहीणभावाचं नातं टवटवीत राहिलं.

एकदा मात्र मी बांधावर नव्हते. तापाने फणफणले होते. दादा एकटाच जाऊन आला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी अण्णा मोसंब्यांची पिशवी घेऊन दारात उभे. कुणी निरोप दिला नव्हता, फोन तर गावात शोधावा लागायचा. आई म्हणाली, "बापाच्या जिवाला कळतं." मी पुढे कितीतरी वर्षं हे मैत्रिणींना अभिमानाने सांगत असे.

शेवटी एकदाचा कुरियरवाल्याचा फोन आला. "मॅडम, डब्ब्यावर डिझेल इंजिन लिव्हलंय, पर वजनच न्हाई. आत कायी हाय का न्हाई, बघून घ्या बरं." मी भर वर्गात फोन घेतला हे मुख्याध्यापकांना कळायला नको. संध्याकाळी घरी आले, हात धुतले, जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर घातली आणि डबा उघडला.

ते अगदी हुबेहूब होतं. मधोमध धक्का झेलणारा एकच बफर, मीटरगेजला असायचा तसा. बाजूच्या चिंचोळ्या फळीवरचे कठडे सुईएवढे. लांब बोनेटवरच्या जाळ्या मोजता येतील अशा. ह्यांनी चष्मा लावला, पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हे तर खरंच हाय की." त्या एका वाक्यासाठी मी त्यांना वर्षभराची चेष्टा माफ केली.

मग मला हुक्की आली. ह्यांनी नमुन्याला आणलेल्या तुरीतले दोन दाणे घेतले आणि इंजिनाच्या उजवीकडे, चादरीच्या कडेला ठेवले. एक दादा, एक मी. नाक किनवटकडे. आणि वाकून कॅबमध्ये बघितलं. आत एक चिमुकला ड्रायव्हर बसवलेला होता, निळा शर्ट घातलेला. तो डावीकडे होता.

पहिल्यांदा मी बनवणाऱ्यांनाच शिव्या घातल्या. एवढे महिने रंग लावत बसले आणि माणूस चुकीच्या बाजूला बसवला! तक्रार लिहायला घेतली. लिहिता लिहिता पुन्हा वाकले, डाव्या खिडकीशी डोळा नेला, ड्रायव्हरच्या जागेवरून समोर पाहिलं. पुढे सगळं बोनेट. डावीकडची चादर दिसत होती. तुरीचे दाणे दिसत नव्हते. कसेही वाकले तरी दिसत नव्हते.

गणिताच्या बाईला आणखी काय सांगावं लागतं? ड्रायव्हर जर डावीकडे बसत असेल, तर उजव्या खिडकीतला हात अण्णांचा नव्हता. आम्ही ज्याच्यासाठी उड्या मारत होतो, ज्याच्यावरून आयुष्यभर भांडलो, तो हात कुणा परक्याचा होता. अण्णांना आम्ही कधी दिसलोच नव्हतो. तक्रार अर्धवट टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत बसले. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, तेल संपलंय."

रविवारी नांदेडला गेले. इंजिन न्यावं की नाही, हे बसमध्ये बसेपर्यंत ठरत नव्हतं. अर्धापूरची केळी घेऊन दादा नुकताच बाजारातून आला होता. त्याने डबा पाहिला आणि लगेच सुरू झाला, "आणलंस? आता अण्णांनाच विचारू, हात कुणाला करत होते ते." मी म्हटलं, "राहू दे ना दादा." मी माघार घेतलेली त्याने जन्मात पाहिली नव्हती. तो चमकला आणि उगाच एक केळ सोलायला लागला.

अण्णांनी इंजिन दोन्ही तळहातांवर घेतलं. उलटं करून चाकं पाहिली. बफरवर अंगठा फिरवला. नाकाशी नेऊन वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ह्याला डिझेलचा वासच न्हाई." मग कॅबमध्ये वाकून बघितलं, बराच वेळ.

"चुकलंय," ते म्हणाले.

"काय चुकलं, अण्णा?"

"असिस्टंट कुटं हाय? ड्रायव्हर एकटाच बसवलाय. बोनेट पुढं असल्यावर उजवीकडलं दिसतंय का ड्रायव्हरला? उजवीकडलं असिस्टंटनं बघायचं अन् मोठ्यानं बोलायचं. मग आपण तेच परत बोलायचं. सिग्नल हिरवा म्हणला, की आपण बी हिरवा. नियमच हाय तो."

दादाच्या हातातलं केळ तसंच राहिलं. त्याला आत्ता उमगलं होतं. तो हळूच म्हणाला, "अण्णा, मग आमचं शेत तर उजवीकडं होतं."

"हाव."

"मग हात कोण करायचं?"

"तोच की. कंधारकडचा होता, लई गुणी पोरगा." अण्णा आमच्याकडे बघत होते, एवढी साधी गोष्ट आम्हाला ठाऊक नाही याचं त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसत होतं. "हॉर्न माझा. हात त्याचा. त्याला सांगून ठिवलं होतं, माझी लेकरं उभी असतेत, हात कर. शेत आलं की मी विचारायचो, पोरं? तो बघून म्हणायचा, पोरं दोन. मी बी म्हणायचो, पोरं दोन. मग फुडं."

अण्णा इंजिन पुसत राहिले.

"एकदा मातर त्यो म्हणला, पोरं एक. लहानी न्हाई. मला बी म्हणावं लागलं, पोरं एक. आदिलाबादपर्यंत मला कायी सुचलं न्हाई. तिथं सुट्टीसाठी साहेबाच्या पाया पडलो अन् मिळंल त्या गाडीनं आलो."

मोसंबी. मला तिथेच रडू फुटलं, अगदी लहान मुलीसारखं, वहिनीसमोर, भाचरांसमोर, काही वाटलं नाही. दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि नाक ओढत होता.

जेवणं झाल्यावर मी पर्समधून कागदाची पुडी काढली. तुरीचे दोन दाणे मी लातूरहून आणले होते, का ते मलाही माहीत नव्हतं. अण्णांच्या पलंगासमोरच्या स्टुलावर इंजिन ठेवलं, आणि त्याच्या उजवीकडे ते दोन दाणे. अण्णा समजले. ते डावीकडून वाकले, डाव्या खिडकीशी डोळा नेला आणि ड्यूटीवरच्या आवाजात विचारलं, "पोरं?"

दादा पुढे झाला, उजवीकडे गुडघे टेकून बसला. घसा साफ केला.

"पोरं दोन."

"पोरं दोन," अण्णा म्हणाले.