फ्रीझर व्हरांड्यातच राहिला

सरकारी अनुदानाची फाइल जाड होत गेली, तसे आमचे किस्सेही वाढत गेले. हल्ली चहाला कुणी भेटलं की विचारतं, "भिया, नवं काय?" आणि मी सुरू होतो.

मी देवासच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. सुमनताई वनस्पतिशास्त्राच्या, मूळच्या धारच्या. सोनकच्छकडच्या शेतांत सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी कमी होत चालल्यात, त्या कुठल्या औषधानं, हे ताईंना रिटायर होण्याआधी शोधायचं होतं. गाठी त्यांच्या, औषध माझं. योजनाही नेमकी अशाच जोडकामासाठी होती.

फॉर्मात मात्र विषय एकच निवडायचा. केमिस्ट्री निवडलं, तर उत्तर आलं, "यात जीवशास्त्र फार आहे." पुढच्या वर्षी जीवशास्त्र निवडलं. "यात रसायन फार आहे."

भोपाळला मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "दोनों में मुखिया कौन?" आम्ही म्हटलं, दोघंही. साहेब हसले, "तो फिर ज़िम्मेदार कोई नहीं." ताईंनी त्याच क्षणी मुखिया म्हणून माझं नाव सांगितलं. मला आजही त्याची लाज वाटते.

मंजुरी आली तेव्हा हिवाळा होता. मुळं खणायला गेलो, तर शेतकरी म्हणाला, "मॅडम, अब तो गेहूँ खड़ा है." ताई म्हणाल्या, "बरं, पावसाळ्यात येते." त्या आल्या, सलग तीन पावसाळे.

मुळं ठेवायला फ्रीझर आला. तो केमिस्ट्रीच्या नावावर आणि मुळं वनस्पतिशास्त्राची, म्हणून ऑडिटरनं हरकत घेतली. तोडगा असा निघाला, की फ्रीझर दोन्ही विभागांच्या मधल्या व्हरांड्यात ठेवायचा आणि त्याला दोन कुलुपं लावायची. एक किल्ली माझ्याकडे, एक ताईंकडे. प्लग तेवढा शेजारच्या सभागृहातल्या एकुलत्या पॉइंटला; फ्रीझरची घरघर तिथं सतत ऐकू यायची. तपासणीच्या मशीनची परवानगी यायची होती, तोवर तिन्ही वर्षांची मुळं आत होती.

मग ताईंचा निरोप समारंभ झाला, त्याच सभागृहात, सोमवारी. मंडपवाल्यानं माईक शनिवारीच लावून ठेवला होता. शाल, नारळ झाले आणि प्राचार्य बोलायला उभे राहिले, "मैडम ने दो विभागों के बीच की दीवार गिरा दी!"

टाळ्या पडल्या. ताई माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "माईक बंद करायला सांगता का?"

मी म्हटलं, "ताई, तुमचंच कौतुक चाललंय."

"ते येतंय ऐकू. फ्रीझर ऐकू येत नाहीये."