डॉक्टरांच्या नावावर सांगितलेला नकार

"डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलंय," असं मी चर्चच्या पाळकसाहेबांना म्हणालो ते खोटं होतं. डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं.

मी ब्रदर आहे, म्हणजे पुरुष नर्स. शेवटच्या आजारातल्या पेशंटची त्यांच्या घरी जाऊन काळजी घेतो. सात रस्त्याजवळ राहणाऱ्या एस्तेरबाई निवृत्त शिक्षिका होत्या. अन्ननलिकेचा कॅन्सर. फाइलवर 'एनबीएम' लिहिलेलं, म्हणजे तोंडाने काहीच द्यायचं नाही. घोट श्वासनलिकेत गेला तर पेशंट गुदमरतो.

आदल्या दिवशी बाई मला म्हणाल्या होत्या, "मरणाला मी भीत नाही, ब्रदर. पलीकडं प्रभू आहे. पण त्याच्या मेजावरून मला उपाशी पाठवू नका." त्यांना प्रभुभोजन हवं होतं. येशूच्या मरणाची आठवण म्हणून ख्रिस्ती माणसं भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घेतात, ते. मी हिंदू. मला त्यात फक्त एक घास आणि एक घोट दिसला. पूर्वी एका पेशंटला माझ्या हातून पाणी पिताना ठसका लागला होता आणि नातेवाइकांनी माझी कॉलर धरली होती. ती भीती गेली नव्हती, म्हणून पाळकसाहेब प्रभुभोजन द्यायला आले तेव्हा मी डॉक्टरांचं नाव पुढे केलं.

पाळकसाहेबांनी वाद घातला नाही. प्रार्थना केली आणि दुसऱ्या आजारी माणसाकडे अक्कलकोटला गेले. बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आई झोपली नाही, ब्रदर," त्यांची मुलगी रूथ हळूच म्हणाली. "रडतीय की."

दुपारी नाडी मंदावली. एक श्वास, मग बराच वेळ काहीच नाही. मी डॉक्टरांना फोन लावला. स्थिती सांगितली आणि मग कसंबसं बाकीचंही सांगितलं.

"एनबीएम फुफ्फुसं वाचवायला लिहिलं होतं. आता काय वाचवतोयस?" ते म्हणाले. "स्पंज ओला करून जिभेला लाव. आणि माझं नाव घेण्याआधी मला विचारत जा."

पाळकसाहेब फोन उचलेनात. तिसऱ्यांदा उचलला. "निघतो," एवढंच म्हणाले. तासाभराचा रस्ता. त्या तासात मी बाईंची मान उंच केली, तोंड साफ केलं आणि श्वास मोजत बसलो. दोन श्वासांमधलं अंतर वाढलं की रूथ माझ्याकडे बघायची. मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो.

"सलाम, बाई," दारातूनच पाळकसाहेब म्हणाले. बाईंनी डोळे उघडले.

पाळकसाहेबांनी भाकरीचा कण द्राक्षरसात विरघळवला. मी त्यात स्पंज बुडवून बाईंच्या जिभेला लावला. ठसका लागला नाही. बाईंची जीभ ओठावरून एकदा फिरली. कपाळावरची आठी गेली. आठवडाभर इंजेक्शनांनीही ती गेली नव्हती.

संध्याकाळी बाई शांतपणे गेल्या. नियम कशासाठी आहे हे विसरलं की त्याच्या आड लपता येतं, एवढं मी शिकलो.

पण त्या जाण्याआधी, रूथ आणि पाळकसाहेब समोर असतानाच, मी बाईंच्या कानाशी वाकलो होतो.

"बाई, डॉक्टर नाही म्हणाले नव्हते. मी घाबरलो आणि खोटं बोललो. मला माफ करा."