मिसफायर

हे नाव त्याला सख्ख्या थोरल्या भावानं दिलं. लहानपणापासून तो बोलताना अडखळायचा. अक्षर ओठांपर्यंत यायचं आणि तिथेच अडकायचं, मान एका बाजूला ओढली जायची, डोळे मिटायचे, आणि समोरचा माणूस उगाच भिंतीकडे बघायला लागायचा. भाऊ पुढे इंजिनांचं काम शिकला, तेव्हा त्याला या प्रकारासाठी नेमका शब्द सापडला. ठिणगी चुकली की इंजिन गचके खातं, त्याला मिसफायर म्हणतात. मग दोघांनी मिळून दुकान टाकलं. गवत कापायची यंत्रं, पाण्याचे पंप, बागेतले छोटे ट्रॅक्टर असलं सगळं तिथे दुरुस्तीला यायचं, आणि गिऱ्हाइकंही धाकट्याला बिनदिक्कत त्याच नावानं हाक मारायची. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या माणसाचं खरं नाव कागदपत्रांपुरतं उरलं होतं.

थोरल्याला सगळे मिस्त्री म्हणत. हात चांगला, तोंड त्याहून चालणारं. धाकट्यासाठी एकदा मुलगी बघायला गेले होते. मुलीनं रीतीप्रमाणे त्याला नाव विचारलं. तो सुरुवात करतो न करतो तोच मिस्त्री म्हणाला, "चहा घ्या सावकाश, पहिलं अक्षर निघायला वेळ आहे." मुलीचा बाप खो खो हसला. मुलगीही हसली. परत येताना मिस्त्रीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "गंमत रे. मनाला लावून घेऊ नकोस."

त्यानं मनाला लावून घेतलं, पण सांगणार कुणाला? पुन्हा कधी मुलगी बघायला गेले नाहीत. तो दुकानामागच्या खोलीत राहायचा आणि जेवायला वर भावाच्या घरी जायचा. त्या घरात एकच माणूस त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं, ती म्हणजे वहिनी. हातातला डाव तसाच धरून ती उभी राहायची. मध्येच शब्द पुरवायची नाही की नजर वळवायची नाही. त्याचं बोलून झालं की मगच उत्तर द्यायची.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी रोपवाटिकेच्या बाईंनी त्यांचा जुना ट्रॅक्टर टेम्पोतून पाठवला. बुटका, पुढे इंजिन, पोटाखाली गवत कापायची पाती. बाईंच्या नवऱ्यानं हौसेनं घेतलेला होता. नवरा गेला, हा राहिला. चोक ओढला की चालू व्हायचा, चोक सोडला की इंजिन वर-खाली व्हायला लागायचं, धापा टाकायचं, गचके द्यायचं आणि मान टाकायचं.

मिस्त्रीनं पहिल्या दिवशी प्लग बदलला. फरक नाही. पेट्रोल काढून नवं भरलं, फिल्टर बदलला, कार्बुरेटर खोलून बारीक भोकांतून तार फिरवली, हवा मारली. इंजिन आपलं तसंच. दुसऱ्या दिवशी पॉइंट घासले, कंडेन्सर नवा टाकला. तरीही तेच. समोरचा पंक्चरवाला आणि शेजारचा वेल्डर दोघंही येऊन बघायला लागले, तसा मिस्त्री चिडला. चिडला की त्याला कुणीतरी लागायचं.

"इकडे ये रे," त्यानं धाकट्याला बोलावलं. "तुला तर ह्याची भाषा येते. सांग बघू, काय दुखतंय ह्याचं?"

धाकट्याला खरंच काहीतरी सांगायचं होतं. अर्धा चोक ओढून हवा कमी केली की इंजिन सुतासारखं चालतं, हे त्यानं सकाळीच पाहिलं होतं. म्हणजे पेट्रोल पोचतंय, ठिणगीही आहे, पण कुठून तरी जास्तीची हवा आत शिरतेय. कार्बुरेटर जिथे इंजिनाला बसतो, त्या सांध्यातलं, हवा अडवणारं कागदी गॅस्केट तेवढं बघायचं राहिलं होतं.

"का... का... का..."

"का?" मिस्त्रीनं कानाला हात लावला. "कावळा?"

वेल्डर हसला.

"का... कार्... का..."

इंजिन बाजूला चालूच होतं, गचके खात. मिस्त्रीनं दोन्ही हात उचलून एकदा इंजिनाकडे, एकदा भावाकडे बोट करत ताल धरला. "ऐका, ऐका! दोघांची जुगलबंदी!" पंक्चरवाल्यानं मांडीवर ठेका धरला. धाकट्याचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे त्याला हसणाऱ्यांची तोंडं दिसली नाहीत, फक्त आवाज आला. मग त्यानं तोंड बंद केलं आणि तो मागे जाऊन पाने पुसत बसला.

दुपारी मिस्त्री वर जेवायला गेला. धाकट्यानं इंजिन चालू केलं, बोटावर ग्रीसचा गोळा घेतला आणि त्या सांध्याभोवती नीट फासला. दोनचार गचके बसले, आणि इंजिनाचा आवाज एकदम शांत, सलग झाला. चोक पूर्ण सोडला तरी हललं नाही. मिनिटभर तो नुसता ऐकत उभा राहिला.

मग त्यानं इंजिन बंद केलं, रॉकेलच्या चिंधीनं ग्रीसचा मागमूस पुसून काढला आणि हात धुऊन जेवायला गेला.

वर मिस्त्री विचारत होता, "काय, सापडलं का काही?" त्यानं मान हलवली. नाही.

कुणाचं वाईट करायचं असं त्याच्या मनात नव्हतं. भावाला चार दिवस घाम फुटू दे, बाईंसमोर तोंड वेडंवाकडं होऊ दे, एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा भावाला हवी असलेली गोष्ट त्याच्याकडे होती, आणि ती न देण्यासाठी एक शब्दही बोलावा लागत नव्हता.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बाई स्वतः आल्या. बारीक अंगाच्या, शिस्तीच्या. "मिस्त्री, दोन तासांचं काम म्हणाला होतात."

"होतंय बाई, आत्ता करून देतो," असं म्हणून मिस्त्रीनं बॉनेट काढलं, पाती फिरवणाऱ्या पट्ट्यावरचं पत्र्याचं झाकणही काढून फेकलं आणि इंजिन चालू ठेवूनच त्यात डोकं घातलं. उजव्या हाताची बोटं पुलीच्या शेजारी टेकवली, डाव्या हातानं तो ॲक्सिलरेटर वर-खाली करायला लागला. पाती बंद असली की त्यांचा पट्टा ढिला राहायचा. पाती चालू करायचा दांडा खाली ओढला की पट्टा ताणला जायचा आणि पुलीबरोबर फिरायला लागायचा. दांडा वरच्या खाचेत अडकवलेला होता, पण खाच झिजली होती. इंजिन थरथरत होतं, आणि प्रत्येक गचक्याला दांडा केसभर खाली सरकत होता.

हे धाकट्याला दिसलं. तो सहा पावलांवर, कामाच्या टेबलाशी उभा होता. बाईंचं लक्ष घड्याळाकडे होतं. वहिनी जिन्याच्या खालच्या पायरीवर चहाचा ट्रे घेऊन थांबली होती.

दांडा खाचेच्या काठावर आला. पाऊल टाकून पोचण्यासारखं अंतर नव्हतं. एक शब्द पुरला असता: हात. 'क' त्याला अडवायचा, 'प' अडवायचा, 'ट' तर जीव घ्यायचा. 'ह' मात्र श्वासासारखा सुटायचा. हात, हो, हवा, हळू, हे शब्द तो आयुष्यभर न अडखळता बोलत आला होता.

दांडा सुटला. पट्टा ताणला गेला. मिस्त्री ओरडला तो आवाज पंक्चरवाल्याला रस्त्यापलीकडे ऐकू गेला.

अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. इस्पितळात भेटायला आलेल्यांना मिस्त्री, तापानं फणफणलेला असतानाही, हीच गोष्ट सांगायचा. "हा बघत होता हो. ओरडायला गेला असणार. पण आमचा मिसफायर, ऐन वेळी मिसफायरच झाला!" आणि लोक धाकट्याकडे कणवेनं बघायचे. बिचारा, शब्दच फुटला नसेल. एका म्हातारीनं तर त्याच्या तोंडावरून हात फिरवला. त्यानं खाली मान घालून ती कणव घेतली.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी त्यानं कार्बुरेटर उतरवला. गॅस्केट एका कोपऱ्याला केसाएवढं फाटलं होतं. जाड कागदातून नवं कापलं, बसवलं, बोल्ट आवळले. पाऊण तासात काम संपलं. ट्रॅक्टर घेऊन जाताना बाई म्हणाल्या, "एवढंच होतं?" तो म्हणाला, "हो."

संध्याकाळी तो वर जेवायला गेला. इस्पितळात डबा देऊन वहिनी नुकतीच परतली होती. तिनं ताट वाढलं, पण ती नेहमीसारखी समोर उभी राहिली नाही. पाठ करून भांडी लावता लावता म्हणाली,

"मी जिन्यात होते, भावजी. ते इंजिनात बघत होते, बाई घड्याळात बघत होत्या. मी तुमच्याकडे बघत होते."

त्यानं घास खाली ठेवला.

"तुमचं तोंड मिटलेलं होतं. अडकलेलं नव्हतं. मिटलेलं. एवढी वर्षं मी तुमच्या तोंडाकडेच बघत आलेय, मला फरक कळतो."

"व... व... वहि..."

ती थांबली नाही. पातेलं उचलून आत निघून गेली. त्या दिवसापासून त्याच्या ताटात अन्न वेळेवर पडायचं, पण त्यानं बोलायला सुरुवात केली की तिला आत काहीतरी काम निघायचं.

दोनतीन महिने त्यानं असेच काढले. मिस्त्री घरी आला. पाना हातात धरला की निसटायचा, तेव्हा तो आईबहिणीवरून शिव्या द्यायचा आणि मग खुर्चीवर बसून हुकूम सोडायचा. एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. वहिनी चहा द्यायला आली होती. धाकट्यानं मनाशी ठरवून पाना खाली ठेवला आणि भावासमोर जाऊन उभा राहिला.

"दादा, त्या दि... दिवशी मी ओ... ओ... ओरड..."

"ओरडलास रे, पण आवाज निघाला नाही," मिस्त्रीनं वाक्य पुरं करून टाकलं. "माहितेय मला. किती वेळा तेच? देवानंच तुला तसं केलंय, तू काय करणार?"

धाकट्यानं मान जोरजोरात हलवली. "ना... ना..."

"नाही तर नाही. रडू नकोस बायकांसारखा. तो पंप घे आधी."

त्यानं वहिनीकडे पाहिलं. एक वाक्य तिनं म्हटलं असतं तर सगळं उघड झालं असतं. तिनं कपात चहा ओतला, नवऱ्याच्या डाव्या हाताशी ठेवला आणि जिना चढून वर गेली. त्याचं ओझं हलकं करायची तिची इच्छा नव्हती. त्याला ते समजलं, आणि त्यानं पंप पुढ्यात ओढला.

आता सगळं काम तोच करतो. दुकान पूर्वीपेक्षा बरं चालतं. नवं गिऱ्हाईक आलं आणि त्याला काही विचारायला लागलं की मिस्त्री खुर्चीतून ओरडतो, "अहो, त्याला नका विचारू, तो सांगेपर्यंत तुमचं मशीन गंजून जाईल!" गिऱ्हाईक हसतं. मिस्त्री हसतो. आणि हल्ली, तोंड खाली घालून बोल्ट आवळता आवळता, तोही हसून घेतो.